हळदीला न दिलेले श्रेय

हळदीचा वास आला की माझ्या पायाच्या बोटाचा विषय निघतो. 'मन्ही हयदच कामले उनी,' म्हणजे तिच्या हळदीनेच बोट वाचले, असे माझी पत्नी पाहुण्यांना सांगते. ते साफ खोटे आहे. मधुमेहामुळे जखम भरेना, बोट कापायची वेळ आली, तेव्हा शहाद्याच्या दवाखान्यात ड्रेसिंगसोबत लाल प्रकाशाचे उपचार सुरू झाले. पहिल्याच दिवशी परिचारिका म्हणाली, 'बाबा, पहिले हयद धुई टाकू, उजेड जखमले लागाले पायजे,' आणि पत्नीने थापलेला लेप तिने पुसून काढला. काही आठवड्यांनी त्याच दिव्याखाली डॉक्टर म्हणाले, 'बोट राहील.' मी रडत बाहेर आलो, हेही पत्नी सांगते. डोळे दिव्यामुळे पाणावले होते, असे मी आजही ठणकावतो. आत डोळ्यांवर काळा चष्मा चढवतात, हे तिला अजून ठाऊक नाही.