जत्रेच्या दिवशीची तारीख

"पाणी कमी व्हायला लागलंय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. माझी नजर त्यांच्या हातातल्या फाइलवर गेली. पहिल्या पानावर माझ्या शेवटच्या पाळीची तारीख होती आणि ती चुकीची होती. खोलीत आम्ही तिघी होतो, मॅडम, आत्या आणि मी. चूक ठाऊक असलेली मी एकटीच.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी, आष्ट्याला व्हायचं. पण आईचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून मी सासरी उंब्रजलाच राहिले. नवरा फौजेत. तपासणीला कराडला न्यायचं काम आत्यांनी अंगावर घेतलं होतं, आणि अंगावर घेतलेल्या कामात त्या दुसऱ्याला बोलूही देत नाहीत.

मॅडमनी समजावून सांगितलं. पोटात बाळ ज्या पाण्यात असतं ते किंचित कमी होतं. एनएसटी, म्हणजे पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके बघतात ती तपासणी, चांगली होती. फाइलप्रमाणे चाळीस आठवडे आणि चार दिवस झाले होते.

"दोन रस्ते आहेत. आज अ‍ॅडमिट व्हा, आपण इंडक्शन करू. म्हणजे औषध देऊन कळा सुरू करायच्या. नाहीतर रोज तपासणीला या आणि शुक्रवारपर्यंत वाट बघू. दिवस आठवडाभर पुढे असते तर मी थांबा म्हटलं नसतं. तारीख पक्की आहे ना?"

"पक्की म्हंजे?" आत्या म्हणाल्या. "जत्रा झाली आन फुडल्या आठवड्यात ही बाजूला बसली. मी सोता तिच्या हातनं पीठ काढून घेतलं की."

पीठ त्यांनी काढून घेतलं होतं, हे खरं. पण माझी पाळी आली होती जत्रेच्याच दिवशी, सकाळी. घर पाहुण्यांनी भरलेलं. देवीचा नैवेद्य यंदा नव्या सुनेच्या हातचा, हे आत्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. चूल पेटली होती, पुरण शिजत होतं. मला सांगायचा धीर झाला नाही. मी पोळ्या लाटल्या, नैवेद्याचं ताट भरलं आणि मान खाली घालून आत्यांच्या हातात दिलं. पुढच्या आठवड्यात खोटंच सांगून चार दिवस बाजूला बसले. ते चार दिवस मजेत लोळून काढले, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा तारीख मला विचारली आणि आत्यांनी सांगितली. मी गप्प बसले. पहिली सोनोग्राफी झाली पाचव्या महिन्यात. तिच्यात बाळ आठवडाभर मोठं दिसलं. एवढ्या उशिराच्या सोनोग्राफीत तेवढा फरक पडतो, म्हणून तारीख पाळीचीच धरली गेली. आत्या खूश. "आमच्यातली पोरं दांडगीच," म्हणाल्या. मी कराडच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. वहीत तारीख चुकली तर मुलांना पान पुन्हा लिहायला लावते.

"जेवून घ्या, विचार करा, तासाभरात सांगा," मॅडम म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर आत्यांनी डबा उघडला. नवऱ्याचा फोन आला. त्याची सुट्टी शुक्रवारपासून होती. "तुझ्या मनाला येईल तसं कर. पण थांबता आलं तर लय बरं. मीबी असंन," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली आशा ऐकून मला रडू आलं. मलाही तो हवा होता. शिवाय औषधाच्या कळांची भीती वाटत होती. माझ्या एका मैत्रिणीचं इंडक्शन होऊन शेवटी सीझरच करावं लागलं होतं.

मी मनात हिशोब केला. खरे आठवडे एक्केचाळीस, वर चार दिवस. शुक्रवारी बेचाळीस भरणार होते.

मॅडमना एकटीनं गाठायचं ठरवलं. आत्यांना म्हटलं, पाणी आणता का? त्यांनी पिशवीतून बाटली काढली. म्हटलं, केळी खावीशी वाटतायत. केळीही होती. एरवी मला हसू आलं असतं. मी पोटावर हात ठेवून बसले. बराच वेळ बाळ हललंच नाही. मग एकदा हललं, अगदी हळू. आता आत्यांसमोरच सांगावं लागणार होतं.

नर्सनं हाक मारली. आत जाऊन बसायच्या आधीच मी बोलले, "मॅडम, तारीख चुकीची आहे. पाळी जत्रेच्या दिवशी आली होती. आठवडा आधी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आत्या माझ्याकडे वळल्या.

"जत्रंच्या दिशी? आन निवद?"

"मीच केला, आत्या."

त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. इंडक्शनच्या कागदावर मी एकटीनं सही केली.

दुपारी जेल ठेवलं. गर्भपिशवीचं तोंड मऊ करून उघडायला लावणारं ते औषध असतं. संध्याकाळी पोट आवळायला लागलं. आत्या उशाशी येऊन बसल्या, तोंड फिरवून कंबर चोळत राहिल्या. सकाळी सलाइनमधून ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा वाढवणारं औषध सुरू झालं. पाणमोट फुटली तर पाणी हिरवट. "मेकोनियम," मॅडम म्हणाल्या. बाळानं पोटातच शी केली होती. ठोके मधेच खाली जायचे आणि मी त्या यंत्राच्या आवाजाकडे कान लावून जत्रेच्या देवीची माफी मागत होते.

दुपारी मुलगी झाली. सीझर टळलं. ती पटकन रडली नाही. ते अर्धं मिनिट मी अजून विसरलेले नाही. मग रडली, आणि दोन दिवस काचेच्या पेटीत राहिली. मॅडम एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बोललात."

आत्यांनी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. हातापायाची कातडी कोरडी, सोललेली. "दिस भरून गेलतं हिचं," त्या पुटपुटल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "देवीनं निवद गोड मानला म्हनून ही पदरात पडली. मग मी कोन राग धरनार? पर माझं एवढं भ्या वाटलं व्हय गं तुला?"

मी होय म्हटलं. खोटं बोलायचं आता त्राण नव्हतं.

इंडक्शन करा किंवा करू नका, हे मी कुणाला सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारा. पण ज्या तारखेवरून ते ठरतं, ती तुमच्या तोंडून जाऊ द्या.

गेल्या महिन्यात शेजारची नवी सून दिवस राहिल्यावर आत्यांबरोबर कराडला गेली, मीही होते. मॅडमनी पाळीची तारीख विचारली. पोरगी आत्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. आत्या उठल्या, मलाही दंडाला धरून उठवलं.

"आमी भाईर बसतो," त्या मॅडमना म्हणाल्या. "तारीख तिलाच इचारा."