सेकंडहँड गाडी आणि आठवा महिना

जुनी गाडी घ्यायला निघा, गाडी मिळो न मिळो, किस्से मात्र ढीगभर मिळतात! आंबीच्या आमच्या कंपनीत, कॅन्टीनला, माझे किस्से अजून चहाबरोबर चघळतात. पण तेव्हा माझी झोप उडाली होती. बायकोला, सुनंदाला, आठवा महिना. घर कुरवंड्यात, दवाखाना तळेगावात. घरची गाडी हवीच होती. नवी परवडत नव्हती, म्हणून सेकंडहँड छोटी एसयूव्ही शोधत होतो. पण ऐन वेळी तीच चढावर बंद पडली तर?

*

सोबत कंपनीतला बाळूभाऊ. त्याचा एकच मंत्र, "इंजिन खोललेलं नसावं." म्हणजे दुरुस्तीसाठी उघडलेलं नसावं. पहिल्याच मालकाला त्यानं विचारलं, "इंजिन खोललंय का?"

"न्हाई," मालक म्हणाला. "थांबा, आत्ता खोलतो!" आणि बॉनेट वर केलं.

*

इंजिन थंड असताना चालू करून बघायचं. आजारी असेल तर तेव्हाच कळतं. तुंगार्लीतल्या एका गाडीवाल्याला फोनवर बजावलं, "आमी येईस्तवर चालू करू नका." गेलो, बॉनेटला हात लावला, तर चटका!

"उन्हानं तापलंय," तो म्हणाला.

धुकं एवढं होतं, की तो मला नीट दिसतही नव्हता!

*

मग गावातल्या मेकॅनिक आबांना नेलं. लांब स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, की आतली खडखड कळते. आबा पाच मिनिटं डोळे मिटून उभे. इंजिनाच्या आवाजात मी ओरडून विचारलं,

"आबा, काय ऐकू येतंय?"

"कायच न्हाई."

"म्हंजी इंजिन चांगलंय?"

"त्ये न्हाई ठावं. कानाचं मशीन घरी इसरलो!"

*

शेवटी लोणावळ्यातल्या एका रिटायर्ड जोडप्याची गाडी पसंत पडली. बॉनेट थंड, धूर नाही, आवाज मऊ. चढता-उतरता येतंय का बघायला सुनंदाही आली होती. काका म्हणाले, "डोळे झाकून घ्या! कुठल्याही घाटात घाला, दगा देणार नाही." मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं.

तेवढ्यात सुनंदानं फाटक घट्ट धरलं. "आवं, कळ आली."

किल्ली काकांच्या हातात होती, गाडी समोरच उभी. मी ओरडलो, "काका, गाडी काढा!"

काकू आतून धावत आल्या. "हिच्यात नको रे बाबा! पोर अवघडलेली आहे. अहो, बघताय काय? पळा, रिक्षा आणा!"