गॅसचं बटण

सिंगापूरच्या पुंगोल भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांच्या खिशात कायम गॅसचं बटण असतं. काकूंना विसरण्याचा आजार आहे. एकदा त्यांनी रिकामं पातेलं पेटत्या गॅसवर ठेवलं, तेव्हापासून काका शेगडीचं बटण काढूनच घेतात. लिफ्टमध्ये वाकले की ते खणकन पडतं आणि काका म्हणतात, "घ्या, आमचं किचन पडलं!"

माणूस भलता चिकट. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाऊगल्लीत, कॉफीवरची चार सेंटची सूटही सोडत नाहीत. बायको अशी आजारी असेल तर टॅक्समध्ये सूट मिळते, हे कळताच त्यांनी अर्ज ठोकला. तपासणीसाठी एक बाई घरी येणार होत्या. काका मला म्हणाले, "तू ये गं. हिला काय काय जमत नाही, ते हिच्यादेखत माझ्याच्याने सांगवणार नाही."

बाई आल्या. आणि कित्येक महिने माझं नावही न आठवलेल्या काकू ओढणी सावरत उठल्या. "या, बसा. चहा टाकते."

मी घाईघाईने इंग्रजीत बाईंना सांगू लागले, "या रोज अशा नसतात..." काकांनी हातानेच मला थांबवलं. खिशातून बटण काढून शेगडीला बसवलं.

"आलं घालशील ना?"

"न घालता कधी केलाय?" काकू म्हणाल्या.

मी कुजबुजले, "काका, सूट जाईल."

"ती पुढच्या वर्षी मागू," काकूंवरची नजर न हलवता ते म्हणाले. "ही आज घरी आलीय."