बॉम्ब शेल्टरमधला घोडा

आमच्या सिंगापूरच्या घरात 'रिव्हॉल्व्हर' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. बंदी मी घातली आणि आजवर ती एकाच माणसाने मोडली आहे.

बंदीचं कारण माझे सासरे. अण्णांची अख्खी नोकरी पुण्यात पोलिसांची हत्यारं दुरुस्त करण्यात गेली. ते आमच्याकडे राहायला आले तेव्हा आमचा पीआरचा अर्ज नुकताच गेला होता. इथे कायम राहायची परवानगी मिळेपर्यंत शिंकसुद्धा बेतानं द्यायची, असं मी ठरवलं होतं. (आधी एकदा नकार आला होता. तेव्हापासून मी रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबतो.)

आणि भर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, अण्णा म्हणाले, "जावईबापू, मॅग्नम रिव्हॉल्व्हर घ्यावं तर जुनंच!"

"अण्णा, हळू!"

"जुन्याचा घोडा घडीव. पोलाद ठोकून घडवलेला, कारागिराने कानस मारून बसवलेला. नव्याचा घोडा ओतीव! साच्यात घातला, काढला. टिकणार कसा?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी सकाळीच नेटवर वाचलं होतं ना! "उलट आहे, अण्णा. मॅग्नमची जोरदार काडतुसं सतत उडवली की जुनी खिळखिळी होतात. नव्यांचं पोलाद जास्त सोसतं."

"कधी हातात धरलंय?"

"नाही, पण वाचलंय."

डब्यात मराठी कोणालाच कळत नव्हती, पण 'मॅग्नम' आणि 'रिव्हॉल्व्हर' जगात सगळ्यांना कळतं. आमच्या दोन्ही बाजूंच्या सीट रिकाम्या झाल्या. घरी येताच मी बंदी जाहीर केली. अण्णा फक्त "बरं" म्हणाले. सासरा नुसतं 'बरं' म्हणाला की जावयाने सावध व्हावं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सोमवारपासून मी घरून काम करत होतो. मेधा, म्हणजे माझी बायको, नोव्हेना भागातल्या क्लिनिकमध्ये, लेक रेवा शाळेत आणि अण्णा तीनच्या ठोक्याला फिरायला. दार धाडकन बंद व्हायचं आणि घर सुनं व्हायचं. इथल्या चिनी लोकांचा भुतांचा महिना चालू होता. खाली पितरांसाठी कागद जाळत होते आणि धूर अकराव्या मजल्यापर्यंत येत होता. मंगळवारी भरदुपारी आभाळ काळं झालं होतं. तेवढ्यात आवाज आला.

खट्. खट्. खट्. सहा वेळा. मग शांतता. मग पुन्हा सहा.

आवाज बॉम्ब शेल्टरमधून येत होता. (इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, पोलादी दाराची एक खोली युद्धासाठी असते. युद्ध होत नसल्यामुळे आम्ही तिथे तांदूळ आणि पिठाचे डबे ठेवतो.) मी दाराला कान लावला. पोलाद गार होतं. आवाज थांबला, जणू पलीकडूनही कोणीतरी कान लावला होता. वर हवेच्या भोकात निळा उजेड लुकलुकला आणि विझला. मी मीटिंगला जाऊन बसलो. मीटिंग संपलेली होती, तरी बसलो.

"सेव्हन्थ मन्थ, लाह," संध्याकाळी रेवा इथल्या ढंगात, शांतपणे म्हणाली. "हंग्री घोस्ट, पप्पा. फूड ठेवायचं."

मी इंजिनियर आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. म्हणून मी दुसऱ्या दिवशी दाराशी फक्त वाटीभर दहीभात ठेवला. तासाभराने वाटी रिकामी होती. एवढंच नाही, घासून पालथी घातली होती! त्यानंतर मी रोज वाटी ठेवू लागलो.

त्याच दिवशी स्वयंपाकघरातला नवा गॅस लायटर नाहीसा झाला. मेधाने जुना शोधला, तर तोही गायब.

"मंदार, त्याला लायटर कशाला लागतो रे?"

"जाळायला," मी म्हणालो. पुढे आम्ही दोघंही जेवलो नाही.

शुक्रवारी मेधा अर्धी रजा टाकून आली. अण्णा फिरायला गेले आणि आम्ही तिघं नारळ घेऊन शेल्टरसमोर उभे राहिलो. आत खट्, खट्... आणि मग कडकन काहीतरी तुटलं. घोगरा आवाज आला :

"संपला. नवा संपला."

मग जरा थांबून :

"जुना अजून जिवंत आहे."

फ्लॅट आम्ही दोनच महिन्यांपूर्वी भाड्याने घेतला होता. जुन्या भाडेकरूचं काय झालं, हे मी विचारलंच नव्हतं. आणि नवा म्हणजे मी!

दार कुरकुरत उघडलं. अंधारात पांढराफटक चेहरा. खाली हात. हातात माझ्यावर रोखलेली नळी. खट्! निळी ठिणगी उडाली. नारळ टाकून मी कॉरिडॉरमध्ये पळालो. "रिव्हॉल्व्हर! रिव्हॉल्व्हर!" अकरा मजल्यांनी ऐकलं.

दहा मिनिटांत दोन पोलीस आले. अण्णा डबा अंगावर सांडून तांदळाच्या पिठीने माखलेले, खुर्चीत बसून दोन गॅस लायटर दाखवत होते आणि रेवा त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगत होती. "चाप, घोडा, स्प्रिंग. तत्त्व तेच, साहेब. हा मेधाच्या लग्नात हिच्या आईने दिलेला. हा नवा. दोन्हींचे सहा-सहा बार काढत होतो, काडतुसांच्या चकरीत सहाच असतात ना. घरात बोलायची बंदी, म्हणून दार आतूनच आपटून शेल्टरमध्ये बसायचो. आणि मेधा, रोजच्या दहीभातात मीठ कमी होतं हं."

"मी कुठे ठेवला?" मेधा म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

धाकट्या पोलिसाने वही काढली. "हू शाउटेड रिव्हॉल्व्हर?"

तीन बोटं माझ्याकडे वळली. अण्णांचं तर लायटरसकट. पोलिसाने माझं नाव लिहून घेतलं, जुना लायटर एकदा खटकन दाबून पाहिला आणि म्हणाला, "ओल्ड वन बेटर, अंकल."

पीआरचं पत्र अजून आलेलं नाही. पोलीस गेल्यावर अण्णांनी पुण्याला सासूबाईंना फोन लावला, तो मात्र मला स्पष्ट ऐकू आला.

"हो अगं, तू दिलेला जुना ठणठणीत आहे. नवे दोन्ही एकदम गेले. लायटर ओतीव आहे, ते ठाऊकच होतं. जावयाचं आज कळलं."