आधी नामिबिया की आधी नाशिक?

आपल्या पॉइंट कुक उपनगरातल्या मराठी मंडळींनो, आज मन फार कडू झालंय, म्हणून लिहितेय.

दुपारी माझा नवरा समीर त्याच्या ऑफिसमधल्या मार्कशी व्हिडिओ कॉलवर होता. कोविडमुळे बंद असलेली इथली बॉर्डर उघडली की दोन्ही कुटुंबांनी नामिबियाला जायचं, असा बेत चालला होता. चार दिवस हे दोघं हरणांची शिकार करणार, तोवर आम्ही बायकामुलांनी हत्ती, जिराफ बघायचे.

मी भाजी चिरता चिरता म्हटलं, "समीर, पहिली सुट्टी नाशिकला."

स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला, "आता तिकडे काय घाई आहे? बाबा तर गेले."

माझे बाबा एप्रिलमध्ये कोविडने गेले. मला इथून निघता आलं नाही. अंत्यदर्शन फोनवर घेतलं. तेव्हापासून आई घरात एकटी आहे.

मी कॅमेऱ्यासमोर जाऊन मार्कला सांगितलं, "मी आणि माझी मुलगी येणार नाही." तो बिचारा सॉरी म्हणाला. समीर मात्र, "चारचौघांत शोभा केलीस," म्हणून माझ्यावरच चिडलाय.

त्याने खुशाल जावं शिकारीला. मला एवढंच सांगा, वडील गेले की माहेरी जायची घाई संपते का? आई आहे ना अजून.