साडूंचे दोन राउटर

नापास होण्यासाठी माझ्या थोरल्या साडूंइतका अभ्यास केलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. वाळूजच्या एका कंपनीत ते अठरा वर्षं सर्व्हर रूम सांभाळत होते. मग वरून फर्मान आलं, की नेटवर्कची परीक्षा जो पास होईल त्यानंच या खोलीत बसायचं, बाकीच्यांनी स्टोअरला जायचं. सत्तेचाळिसाव्या वर्षी साडूंनी पुस्तक उघडलं आणि तीनदा एकाच धड्यावर आपटले. राउटर म्हणजे माहितीला वाट दाखवणारं यंत्र आणि शेजारचे राउटर एकमेकांना रस्ते सांगत असतात, एवढं मलाही कळलं होतं. पण सांगणारा खरोखर आपला शेजारी आहे की कुणी भामटा, हे आधी तपासायचं. त्यासाठी दोघांकडे एकच परवलीचा शब्द हवा. याला म्हणतात ऑथेंटिकेशन. हा धडा साडूंच्या डोक्यात काही शिरेना, पण अंगात मात्र पुरता शिरला.

माझं गुलमंडीवर कापडाचं दुकान आहे. तिथं येऊन ते भर गिऱ्हाइकात मला शिकवायचे, "परवली कधी बोलून दाखवायची नसती, साडू. तिचा नुसता ठसा पाठवायचा. ठसा जुळला की माणूस आपला." मी मान डोलवून मीटर उचलायचो. एकदा सासूबाई गंगापूरहून एसटीनं आल्या. त्यांना आणायला साडूंनी जायचं होतं, म्हणून मी शेजारच्या दुकानदाराच्या मोबाइलवरून साडूंना फोन लावला. नंबर अनोळखी, झालं! "तुमीच कशावरून? तुमच्या लग्नात गोड काय होतं? नाव घेऊ नका, अक्षरं किती तेवढं सांगा." मला गुलाबजाम आठवले. बोटं मोजून म्हणालो, "पाच." "चूक. बासुंदी होती. तीन." आणि फोन बंद. लग्न माझं, बोहल्यावर मी, आणि चूकही माझीच! सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन दोन तास स्टँडवर बसल्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "जावईबापूंना स्टोअरलाच जाऊ द्या."

चौथ्या खेपेसाठी त्यांनी कुठूनसे दोन जुने राउटर पैदा केले. एक हॉलमध्ये, एक आतल्या खोलीत, मधून वायर. सरावासाठी दर दहा मिनिटांनी परवली आपोआप बदलेल अशी तजवीज केली. पण दोन्ही राउटर एकमेकांना ओळखच देईनात. तीन दिवस हा छळ चालला. मी गेलो तेव्हा साडू कपाळाला हात लावून जमिनीवर बसले होते. "माझंच डोकं गंजलं, साडू. पोरं हे तासाभरात करतेत. त्या खोलीतला एकेक दिवा मी वळखतो, अन् तिथं मला कुणी वळखत नाय आता."

तेवढ्यात त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, चहा घेऊन आली. "आतल्या डब्याला टाइम कुठून दिला?" तिनं विचारलं. "मोबाइलवरून." "अन् हितल्याला?" साडूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "अवं, ते पंधरा मिनिटं पुढंय न्! तुमची कंपनीची बस चुकू नये म्हणून तुमीच केलंय." घरातला प्रत्येक माणूस त्या घड्याळातून पंधरा मिनिटं वजा करूनच जगत होता. बिचाऱ्या राउटरला ते कुणी सांगितलं नव्हतं. एकाची परवली बदलून जायची तेव्हा दुसरा मागच्याच परवलीवर असायचा. साडू तडक स्टुलावर चढले, घड्याळ बरोबर केलं, राउटरचा टाइमही दुरुस्त केला, आणि दोघांची गाठ पडली. साडूंनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. घरचे मात्र सवयीनं पंधरा मिनिटं वजा करतच राहिले, त्यामुळे आठवडाभर सगळ्यांना सगळीकडे उशीर झाला.

परीक्षेत त्या धड्याला त्यांना पैकीच्या पैकी मिळाले. यावेळी ते दुसऱ्याच धड्यावर आपटले.

आता ते स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजतात. परवाच्या रविवारी गेलो, तर भिंतीवरचं घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटं पुढे होतं. पुस्तकं माळ्यावर गेली होती. राउटर तेवढे चालू होते, हिरवे दिवे लुकलुकत होते. "आता कशाला चालू ठेवलेत?" मी विचारलं. साडूंनी वायरवरची धूळ बोटानं पुसली. "लई मुश्किलीनं वळखलंय त्यांनी एकमेकांला. ऱ्हाऊ द्या."

निघताना दारात चपला घालता घालता म्हणालो, "साडू, माझ्या लग्नातल्या गोडाची अक्षरं... तीन."

ते कितीतरी दिवसांनी हसले.

"आपलेच निघाले की तुमी," म्हणाले.