केरबाच्या खिशातली पोलादी गोळी

गडमुडशिंगीच्या केरबाच्या उजव्या खिशात कायम एक पोलादी गोळी असायची, पोरांच्या मोठ्या गोटीएवढी. चालता चालता तो तिच्यावरून बोटं फिरवायचा आणि दात आवळायचा.

केरबा फरशी बसवायचा. त्याच्या फरशीवर सांडलेलं पाणी जिथं जायला हवं तिथंच जायचं. पण चिमणाबाईच्या थोरल्या लेकाच्या वास्तुशांतीला घात झाला. चिमणाबाईनं नव्या स्वयंपाकघरात पहिली मिरची कुटायला लोखंडी खलबत्ता मांडला, चार घाव घातले आणि फरशी कोपऱ्यातनं तडकली. बाहेर पंगत बसली होती. घराचं काम घेतलेला हंबीरराव पंगतीतूनच गरजला, "फरशी माझ्या दुकानची हाय, पक्की हाय. ह्या केरबाचा हातच फुटका!"

पंगत हसली. त्या दिवसापासून तो फुटका केरबा झाला. माणसांच्या घरात त्याला कुणी बोलवेना. त्याच्या वाट्याला गोठे उरले.

खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. "मुहूर्त गाठायचाय. सगळीकडं सिमेंटचा माल फासत बसू नगं, पाच गोळे ठेव आन् दाब," असं हंबीररावानंच बजावलं होतं. "कोपरं पोकळ ऱ्हात्यात," केरबा म्हणाला होता. "मालक मी का तू?"

केरबानं तो राग चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली जपला.

पुढं कोल्हापुरात एका फरशी कंपनीनं गवंड्यांचा मेळावा भरवला. बाकीचे मटणाच्या वासानं गेले. केरबानं तिथं एक खेळ पाहिला. काँक्रीटच्या ठोकळ्यावर फरशी पूर्ण माल भरून चिकटवलेली. तिच्यावर मीटरभर उंचीवरून पोलादी गोळी सोडायची आणि ती किती उसळते ते मोजायचं. फरशी घाव झेलणारी असली तर गोळी उंच उसळते. फरशी कच्ची असली तर उसळी मरते. येताना केरबानं तशी गोळी मिळवली. मग म्हैस व्यायची वाट बघावी तसा तो थांबला.

चिमणाबाईच्या धाकट्या लेकाचं घर उभं राहिलं. काम पुन्हा हंबीररावाचं, फरशी त्याच दुकानची, गवंडी मात्र दुसरा, आकाराम. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी केरबा एक ठोकळा आणि लोखंडी बत्ता घेऊन दारात उभा राहिला. वर हंबीररावाच्याच दुकानची फरशी, त्यानं खाली माल गच्च भरून बसवलेली.

"का रं फुटक्या, वाट चुकलास?" हंबीरराव हसला.

"तुमच्या फरशीची परीक्षा घ्यायला आलोय."

जमलेल्या भावकीसमोर त्यानं ठोकळ्यावर गोळी सोडली. टण्! मांडीपर्यंत उसळली. त्यावर बत्ता टाकला, फरशीला चरा गेला नाही.

"बघा! माझी फरशी!" हंबीररावानं मिशीला पीळ दिला.

"व्हय की, पक्कीच हाय," केरबा म्हणाला आणि नव्या जमिनीच्या कोपऱ्यावर तीच गोळी सोडली. भद्द! पोटरीपर्यंतसुद्धा आली नाही. मग त्यानं तिथंच बत्ता सोडला. फरशी तडकली. तुकडे उचलले, तर खाली मालाचे पाच गोळे आणि मधे वारुळासारखी पोकळी.

"चिमणाकाकू, ह्या कामाला माझा हात लागलाय व्हय?"

म्हातारी आकारामकडं वळली. "असं पाच गोळं ठेवायला कुणी सांगितलं रं तुला?"

आकारामनं हंबीररावाकडं पाहिलं. भावकीनंही पाहिलं.

"केरबा, चुकलं बाबा आमचं," चिमणाबाई म्हणाली. "तूच बसव आता."

"बसवतो की. पर माल हंबीररावांनी कालवायचा, पंगतीच्या माणसांदेखत."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली तेव्हा हंबीरराव कडक इस्त्रीच्या सदऱ्यात घमेल्यापुढं उकिडवा बसला होता. हात कोपरापर्यंत राखाडी झाले होते. कुणीतरी पानावरून ओरडलं, "हंबीरराव, जपून! हात फुटका हाय तुमचा!" पंगत हसली. केरबा हसला नाही. त्यानं शेवटची फरशी दाबून बसवली, हात धुतले आणि खिशातली गोळी हंबीररावाच्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मला आता लागत न्हाय."